दुर्बिणीचे वार्धक्य आणि वारसाचा प्रश्न

जमिनीवरची दुर्बीण जुनी होते, पण सहसा म्हातारी होत नाही. तमिळनाडूतील कावलूरची २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीण १९८६ साली कार्यान्वित झाली. तिच्या आरशावर अॅल्युमिनियमचा नवा थर चढवता येतो, मागचा कॅमेरा काढून अधिक चांगला बसवता येतो. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या होत्या तिथेच राहिल्या, परंतु २०१०च्या दशकात त्यांच्यावरील ग्राहक आणि मागची सर्व इलेक्ट्रॉनिकी टप्प्याटप्प्याने बदलली गेली, आणि जुन्या सांगाड्यात जवळजवळ नवीच दुर्बीण उभी राहिली. अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीच्या नशिबी हे नसते. तिच्यापर्यंत पान्हा घेऊन कोणी जाऊ शकत नाही. निघताना सोबत दिलेल्या शिदोरीवरच तिला आयुष्य काढावे लागते, आणि म्हणून तिच्या बाबतीत वार्धक्य हा शब्द अलंकारिक राहत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण अॅस्ट्रोसॅट. भारताची ही पहिली संपूर्ण अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही सी-३० या प्रक्षेपकाने कक्षेत नेली. तिचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते. २८ सप्टेंबर २०२५ रोजी तिने दहा वर्षे पूर्ण केली. ठरल्याच्या दुप्पट काळ टिकलेल्या यंत्राचे कौतुक व्हायला हवे, आणि ते झालेही. परंतु या कौतुकात एक प्रश्न सोयीस्करपणे मागे पडतो. पाच वर्षांसाठी पाठवलेली दुर्बीण दहा वर्षे चालली, याचा अर्थ तिच्या वारसाची तयारी करायला आपल्याला पाच वर्षे फुकट मिळाली. या पाच वर्षांचे आपण काय केले?

या प्रश्नाशी महाराष्ट्राचा संबंध दुरून नाही. अॅस्ट्रोसॅटवरील पाच प्रमुख उपकरणांपैकी तीन, म्हणजे लॅक्सपीसी हा मोठ्या क्षेत्रफळाचा क्ष-किरण मापक, एसएक्सटी ही मृदू क्ष-किरणांची दुर्बीण आणि सीझेडटीआय हा कठीण क्ष-किरणांचा प्रतिमाग्राहक, मुख्यत्वे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली. सीझेडटीआयच्या उभारणीत आणि पुढे तिच्या विदेच्या व्यवस्थापनात पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा राहिला. चौथे उपकरण, यूव्हीआयटी ही जुळी अतिनील दुर्बीण, बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली, आणि तिच्यातही आयुका सहभागी होती. पाचवे इस्रोचे, आकाशावर नजर फिरवून नव्याने उजळलेले क्ष-किरण स्रोत टिपणारे. रबाळ्याहून ठाण्यामार्गे लोकल धरली तर दोनेक तासांत ज्या आवारात पोहोचता येते, तेथील कार्यशाळेत घडलेली यंत्रे ६५० किलोमीटर उंचीवरून कृष्णविवरांच्या भोवतीच्या तप्त वायूचे ठोके मोजत आली आहेत. ही बाब आपल्या शहराला फारशी ठाऊक नाही.

ठाऊक नसण्याला काही अंशी आपली वृत्तपत्रेही जबाबदार आहेत. २०१५ साली अॅस्ट्रोसॅटचे वर्णन सर्रास 'भारताची हबल' किंवा 'छोटी हबल' असे झाले. हे वर्णन कौतुकाचे होते, पण दिशाभूल करणारे होते. हबलचा आरसा २.४ मीटर व्यासाचा. यूव्हीआयटीच्या प्रत्येक नळीचा आरसा ३८ सेंटिमीटरच्या आसपास. बारकाव्यात यूव्हीआयटी हबलच्या जवळपासही येत नाही. मात्र तिच्या दृष्टिक्षेत्रात आकाशाचा जो तुकडा एका वेळी मावतो, तो जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढा असतो. हबलच्या दृष्टीला इतका पसारा नाही. २०१३ साली थांबलेल्या गॅलेक्स या अमेरिकी अतिनील दुर्बिणीपेक्षा यूव्हीआयटीची प्रतिमा सुमारे तिप्पट तीक्ष्ण आहे. आणि अॅस्ट्रोसॅटचे खरे वैशिष्ट्य आणखी वेगळे. एकाच खगोलाकडे, एकाच क्षणी, अतिनील किरणांपासून कठीण क्ष-किरणांपर्यंत अनेक डोळ्यांनी पाहण्याची सोय तिच्यात आहे. जो तारा सेकंदागणिक रूप पालटतो, त्याच्या अभ्यासात या समकालीनतेला पर्याय नसतो. 'छोटी हबल' म्हटले की अॅस्ट्रोसॅट ही कुणाची तरी स्वस्त प्रतिकृती ठरते, आणि प्रतिकृतीला वारस कशाला हवा?

आता वार्धक्याकडे वळू. दुर्बीण एका दिवशी मरत नाही. ती एकेक इंद्रिय गमावते. लॅक्सपीसी हा तीन एकसारख्या कक्षांचा संच होता. प्रत्येक कक्षात दाबाखाली झेनॉन वायू भरलेला. क्ष-किरण आत शिरून वायूच्या अणूला धडकतो, इलेक्ट्रॉन सुटतात, उच्च दाबाच्या विद्युत तारा त्यांचा गुणाकार करतात आणि एक क्षीण आघात मोजता येण्याजोगा संकेत बनतो. हा सारा हिशेब वायूच्या दाबावर आणि शुद्धतेवर उभा असतो. तिसऱ्या कक्षातून वायू झिरपू लागला आणि पहिल्याचे संकेतवर्धन अनियमित झाले. २०१८च्या मार्चमध्ये तिसरा बंद करावा लागला आणि पहिला भरवशाचा राहिला नाही. तेव्हापासून भिस्त उरलेल्या एका कक्षावर. त्याच महिन्यात यूव्हीआयटीची निकट-अतिनील वाहिनीही निकामी झाली. दूर-अतिनील आणि दृश्य प्रकाशाच्या वाहिन्या तेवढ्या राहिल्या. म्हणजे प्रक्षेपणाला तीन वर्षेही झाली नव्हती, तोवर एका उपकरणाचे दोन तृतीयांश आणि दुसऱ्याचा एक डोळा गेला होता. त्यातून शास्त्रज्ञांनी पुढची सात वर्षे काम काढले, ही त्यांची चिकाटी. पण 'दहा वर्षे चालली' या वाक्यातले 'चालली' हे क्रियापद किती निरनिराळ्या अवस्था पोटात घेऊन बसले आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

या दोषांत लाजिरवाणे काही नाही. अवकाशात भारित कणांचा मारा अव्याहत चालू असतो. थंड ठेवलेल्या संवेदकांतही दर वर्षी काही बिंदू आंधळे होतात. अॅस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताशी अवघा सहा अंशांचा कोन करते, ती मुद्दाम. दक्षिण अटलांटिकवरील दाट कणांचा पट्टा त्यामुळे पुष्कळसा टळतो. एवढी काळजी घेऊनही यंत्र झिजतेच. झिजणे हा यंत्राचा स्वभाव आहे. त्या स्वभावाचे भान ठेवून पुढची तजवीज करणे हे माणसाचे काम.

या अधू होत गेलेल्या दुर्बिणीने काय दिले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. सीझेडटीआयने काम सुरू केले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला, आणि पुढे २०२३ पर्यंत असे सहाशे स्फोट नोंदवले. इ.स. १०५४ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषात, क्रॅब तेजोमेघात, जो स्पंदक आहे, त्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवण स्पंदनाच्या कलेनुसार कसे बदलते, याचे मोजमाप याच उपकरणाने केले. तो निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतून येणारे अति-अतिनील किरण यूव्हीआयटीच्या चित्रांत शोधले. हे संशोधन ऑगस्ट २०२०मध्ये जगापुढे आले.

या शेवटच्या उदाहरणातले कालमान पाहण्यासारखे आहे. ती निरीक्षणे २०१६च्या ऑक्टोबरमध्ये घेतली होती, महिनाभरात विखुरलेल्या अठ्ठावीस तासांहून अधिक काळ. त्यांचे विश्लेषण, शंकानिरसन आणि प्रकाशन यांत जवळपास चार वर्षे गेली. शोध जाहीर झाला तेव्हा यूव्हीआयटीची निकट-अतिनील वाहिनी बंद पडून दोन वर्षे उलटली होती. याचे दोन अर्थ निघतात. पहिला दिलासा देणारा आहे. दुर्बीण थांबली तरी तिने जमवलेली विदा पुढची अनेक वर्षे बोलत राहते, आणि बंगळूरजवळच्या ब्यालालू येथे इस्रोने जपलेला अॅस्ट्रोसॅटचा संग्रह हे तिचे दुसरे आयुष्य आहे. दुसरा अर्थ चिंतेचा. आज प्रसिद्ध होणारे निबंध ही कालच्या पेरणीची सुगी असते. निबंधांची संख्या पाहून दुर्बीण ठणठणीत आहे असे मानले, तर पेरणी थांबल्याचे कळेपर्यंत हंगाम निघून गेलेला असेल.

हबलची कथा येथे उपयोगी पडते, पण नेहमी सांगितली जाते तशी नव्हे. एप्रिल १९९०मध्ये ती कक्षेत गेली आणि तिचा आरसा चुकीच्या आकारात घासला गेल्याचे लवकरच उघड झाले. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी तिच्या दृष्टीवर उपाय केला. त्यानंतर १९९७, १९९९, २००२ आणि २००९ अशा आणखी चार दुरुस्त्या झाल्या. म्हणजे हबलचे दीर्घायुष्य अवकाश शटल नावाच्या अतिशय खर्चिक वाहनावर उभे होते. फेब्रुवारी २००३मध्ये कोलंबिया यान कोसळले, कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले, आणि जानेवारी २००४मध्ये नासाने पाचवी दुरुस्ती रद्द केली. शास्त्रज्ञांनी आणि सामान्य नागरिकांनीही एवढा निषेध नोंदवला, की ऑक्टोबर २००६मध्ये हा निर्णय फिरवावा लागला आणि मे २००९मध्ये ती दुरुस्ती झाली. त्या वेळी बसवलेल्या सहा नव्या जायरोस्कोपांपैकी अर्धे पुढे निकामी झाले. जून २०२४पासून हबल एकाच जायरोस्कोपवर चालवली जाऊ लागली, दुसरा राखीव ठेवून. खासगी यानाने तिची कक्षा उंचावण्याचा प्रस्तावही त्याच सुमारास नासाने तूर्त बाजूला ठेवला. शटल २०११ सालीच निवृत्त झाले होते. जी दुर्बीण दुरुस्त होत होती, तीही आता आपल्या अॅस्ट्रोसॅटच्या पंगतीला येऊन बसली आहे.

हबलच्या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील मात्र आणखी आधीचा आहे. हबल उडाली एप्रिल १९९०मध्ये. तिच्यानंतर काय, यावरची कार्यशाळा बाल्टिमोरला भरली सप्टेंबर १९८९मध्ये. जुनी दुर्बीण अजून जमिनीवर असतानाच वारसाची चर्चा सुरू झाली होती. त्या चर्चेतून जी जेम्स वेब दुर्बीण निपजली, ती सुरुवातीच्या अंदाजानुसार २००७च्या आसपास जायची, ती प्रत्यक्षात २५ डिसेंबर २०२१ रोजी गेली, आणि तिचा खर्च सुमारे एक हजार कोटी डॉलरवर पोहोचला. इतक्या लवकर विचार सुरू करूनही बत्तीस वर्षे लागली. आणि एवढे होऊनही वेब ही हबलची जागा घेणारी दुर्बीण नाही. ती मुख्यतः अवरक्त किरणांत पाहते. अतिनील किरण तिला दिसत नाहीत. हबल थांबेल त्या दिवशी अतिनील विश्वाच्या सूक्ष्म निरीक्षणाचे सर्वांत मोठे दार बंद होईल, आणि वेब त्या दारात उभी राहू शकणार नाही.

वारस आणि उत्तराधिकारी यांच्यातली ही गफलत समजून घ्यायला रबाळ्याहून चांगली जागा नाही. ठाणे-बेलापूर मार्गाच्या कडेने गेल्या शतकात उभ्या राहिलेल्या औद्योगिक पट्ट्यात, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, कारखान्यांचे आयुष्य आपल्या डोळ्यांदेखत संपत आले आहे. जिथे रसायनांचे आणि यंत्रभागांचे कारखाने होते, त्यांतल्या कित्येक भूखंडांवर आज काचेच्या भिंतींची कार्यालये आणि विदाकेंद्रे उभी आहेत. नकाशावर पाहिले तर भूखंड रिकामा नाही. रोजगाराच्या कागदावर पाहिले तर बेरीज कदाचित वाढलेलीही असेल. पण ज्या टर्नरला हाताच्या बोटांनी शतांश मिलिमीटरचा फरक कळत होता, त्याच्या हातातले काम त्या इमारतीत शिरलेले नाही. जागा भरली, काम भरले नाही. एखाद्या गाळ्यातला जुना लेथ भंगारात काढून त्या जागी उत्तम संगणक आणून ठेवला, तर मालकाची प्रगती झाली असे म्हणता येईल, लेथ बदलला असे म्हणता येणार नाही. हा फरक रबाळ्याच्या कामगाराला सांगावा लागत नाही. तो विज्ञानधोरण ठरवणाऱ्यांना मात्र वारंवार सांगावा लागतो.

कारण अॅस्ट्रोसॅटचे पुढे काय, असे विचारले की उत्तरादाखल दोन नावे घेतली जातात. एक एक्सपोसॅट, जो १ जानेवारी २०२४ रोजी कक्षेत गेला. दुसरे आदित्य एल-१, जे २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ज्यावरील सूट ही अतिनील सौर दुर्बीण आयुकात घडली. दोन्ही मोहिमा मोलाच्या आहेत. परंतु एक्सपोसॅटचे काम तेजस्वी क्ष-किरण स्रोतांचे ध्रुवण आणि वर्णपट मोजण्याचे. तो आकाशाची चित्रे घेत नाही, अतिनील किरण पाहत नाही. आदित्यचे सारे लक्ष सूर्याकडे. भारताकडे अवकाशात उपकरणे आहेत, हे खरे. अॅस्ट्रोसॅट जे करते ते करणारे दुसरे उपकरण त्यांत नाही, हेही तितकेच खरे.

वारस होऊ शकतील असे प्रस्ताव आहेत. भारतीय ताराभौतिकी संस्थेने मांडलेली इन्सिस्ट ही सुमारे एक मीटर आरशाची अतिनील दुर्बीण यूव्हीआयटीचा वारसा पुढे नेऊ शकते. पवईच्या आयआयटीतील वरुण भालेराव यांच्या नेतृत्वाखाली, टाटा संस्था, आयुका आदींच्या सहभागाने मांडलेला दक्ष हा दोन उपग्रहांचा प्रस्ताव सीझेडटीआयच्या अनुभवातून निघालेला आहे. दोन का, याचे उत्तर अनुभवातच आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याचे गुरुत्वीय लहरींतून कळले आणि पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली. खगोलशास्त्राच्या इतिहासातला तो क्षण होता, आणि त्या क्षणी सीझेडटीआय व तो स्रोत यांच्यामध्ये पृथ्वी आडवी आली होती. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह असते, तर संपूर्ण आकाश कोणत्याही क्षणी नजरेखाली राहिले असते. हे दोन्ही प्रस्ताव वर्षानुवर्षे प्रस्ताव म्हणूनच चर्चेत राहिले आहेत.

येथे महाराष्ट्राच्या दृष्टीने एक विशेष विसंगती आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर लांब भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. ही वेधशाळा म्हणजे कान आहे. आकाशात कुठेतरी काहीतरी आदळले, हे तिला ऐकू येईल. काय आदळले आणि तिथून कोणता प्रकाश निघाला, हे पाहायला डोळा हवा, आणि तो डोळा वातावरणाच्या वर हवा, कारण गॅमा आणि क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. आपण कानावर २६०० कोटी खर्च करतो आहोत आणि डोळ्याचा प्रस्ताव फायलीत ठेवतो आहोत. हिंगोलीत लहर उमटेल, तिचा प्रकाश टिपण्याचा मान परक्या उपग्रहाला जाईल, आणि त्या उपग्रहाने कुठे पाहायचे हे ठरवण्याचा अधिकारही परक्याचाच राहील.

यावर येणाऱ्या आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. पहिला आक्षेप पैशाचा. अॅस्ट्रोसॅटचा खर्च १७८ कोटी रुपयांच्या घरात सांगितला जातो. मुंबईत एवढ्या रकमेत मेट्रोचा एक किलोमीटरही धड होत नाही. गरीब देशाने आकाशाकडे पाहू नये, हा युक्तिवाद मुंबईइतक्या उधळ्या शहरात करायला धाडस लागते. तरीही हा आक्षेप प्रामाणिकपणे करणारे आहेत, आणि त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की या रकमेचा बहुतांश भाग अवकाशात जात नाही; तो येथील कारागिरांच्या, अभियंत्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांत राहतो.

दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे. विज्ञान जागतिक आहे. परदेशी दुर्बिणींची विदा बहुधा खुली असते. नासाने २०२४मध्ये निवडलेली यूव्हेक्स ही अतिनील दुर्बीण २०३०च्या सुमारास जाणार आहे. मग आपण वेगळी कशाला करावी? विदा खुली असते हे खरे, आणि तिचा उपयोग करावा हेही खरे. पण खुली विदा म्हणजे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. आपला प्रश्न वेगळा असेल तर दुर्बिणीचा वेळ मागावा लागतो, आणि मागणाऱ्यांची रांग लांब असते. शिवाय खुल्या विदेतून विश्लेषक तयार होतात, उपकरण घडवणारे तयार होत नाहीत.

मूळ दुखणे या शेवटच्या वाक्यात आहे. १९९६ साली आयआरएस-पी३ या उपग्रहावर टाटा संस्थेने आणि इस्रोने एक लहानसे क्ष-किरण उपकरण पाठवले. त्याच सुमारास प्रल्हाद चंद्र अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात मोठ्या वेधशाळेची कल्पना रुजली. २००४ साली मंजुरी मिळाली, २०१५ साली उड्डाण झाले. कल्पनेपासून उड्डाणापर्यंत एकोणीस वर्षे, मंजुरीपासून अकरा. ही वर्षे आळसात गेली नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांचे एकात एक बसणारे आरसे कसे जुळवायचे, वायूचे कक्ष कसे शुद्ध ठेवायचे, अतिनील आरशाला धुळीपासून आणि तेलाच्या कणापासून कसे जपायचे, हे येथे प्रथमच शिकले गेले. हे ज्ञान काही अंशी अहवालांत असते. उरलेले ज्यांनी ते केले त्यांच्या हातांत असते, आणि त्यांतले अनेक हात आता निवृत्त झाले आहेत. ज्या तरुण संशोधकाने २०१५मध्ये उपकरणाची जुळणी पाहिली, तो आज मध्यमवयाकडे झुकला आहे. आज मंजुरी मिळाली आणि अॅस्ट्रोसॅटच्याच गतीने काम झाले, तर पुढची दुर्बीण २०३०च्या दशकाच्या उत्तरार्धात उडेल. तेव्हा तिला घडवणाऱ्यांत लॅक्सपीसीतून वायू का झिरपला, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकणारा कोणी असेल का? नसेल, तर तीच चूक पुन्हा करण्याचा हक्क आपण पुढच्या पिढीला वारशात देत आहोत.

रबाळ्यातल्या साध्या यांत्रिक गाळ्यातही एक पद्धत असते. मशीन ब्रेकडाऊन झाल्यावर नव्याची ऑर्डर देणारा मालक तोट्यात जातो. शहाणा मालक जुने चालू असतानाच नवे आणून शेजारी बसवतो, काही महिने दोन्ही चालवतो, जुन्यावरचा कारागीर नव्यावर हात बसवतो, आणि मगच जुने उचलले जाते. खगोलशास्त्रात या शेजारी-शेजारी चालण्याच्या काळाला तर फारच महत्त्व असते. एकाच ताऱ्याकडे दोन्ही दुर्बिणींनी पाहिले, म्हणजे जुन्या मापांची नव्या मापांशी सांगड घालता येते. मध्ये खंड पडला, की दहा वर्षांची नोंदवही एका बाजूला आणि नवी दुसऱ्या बाजूला, दोघींच्या मोजपट्ट्या वेगळ्या.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. अवकाश वेधशाळेला मंजुरी देतानाच तिच्या वारसाच्या अभ्यासासाठी ठरावीक निधी आणि ठरावीक मुदत बांधून द्यावी. नियोजित आयुष्य संपण्याच्या दिवशी त्या अभ्यासाचा होकार वा नकार जाहीर व्हावा. नकारही चालेल. एखाद्या प्रस्तावाला स्पष्ट नकार मिळाला तर लोक दुसऱ्या कामाला लागतात. अनिश्चित प्रतीक्षेत मात्र माणसे विझत जातात. दुसरे, अॅस्ट्रोसॅटमध्ये काय बिघडले आणि का, याचा सविस्तर अहवाल इंग्रजी नियतकालिकांपुरता न राहता अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा. आपल्याकडे यशाचे वर्धापनदिन साजरे होतात. बिघाडाचे पाठ्यपुस्तक होत नाही. तिसरे, आपण वाचकांनी 'किती वर्षे चालली' एवढ्यावर समाधान न मानता 'आज तिचे कोणते अवयव चालतात' हे विचारायला शिकावे. २००४ साली अमेरिकेतल्या सामान्य माणसांनी हबलसाठी आवाज उठवला, कारण ती त्यांना आपली वाटत होती. अॅस्ट्रोसॅट आपली वाटावी इतकी तिची ओळखच आपण करून घेतलेली नाही.

रबाळ्याच्या आकाशात रात्री मोजके तारे दिसतात. औद्योगिक वसाहतीचे दिवे, महामार्गाचा झगमगाट आणि खाडीवरची धूसर हवा यांतून जे वाचतात तेवढे. येथे वाढणाऱ्या मुलाला आकाशगंगा दाखवायची तर सुट्टीत माळशेज किंवा जव्हारकडे न्यावे लागते. ज्या वस्तीचे डोळ्यांचे आकाश असे हिरावले गेले आहे, तिच्यासाठी वातावरणाच्या वर ठेवलेली दुर्बीण हे आकाशाशी उरलेले एक नाते आहे. ती कधीतरी थांबेल. त्याचा शोक करण्याचे कारण नाही. तिच्या थांबण्याच्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी चालू नसेल, तर मात्र तो यंत्राचा दोष मानता येणार नाही.